कोचीच्या बिएनालेला नाशिकहून जाताना: जागांचा, वेळेचा आणि पायांचा हिशेब

कोची-मुझिरिस बिएनाले हे दर दोन वर्षांनी, डिसेंबर ते मार्चअखेर या काळात भरणारे समकालीन कलेचे प्रदर्शन मी आजवर दोनदा पाहिले आहे, एकदा जानेवारी २०१९ मध्ये आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारी २०२३ मध्ये. त्यांपैकी पहिली फेरी जवळजवळ वाया गेली, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. दोष प्रदर्शनाचा नव्हता. वर्तमानपत्रांतून गोळा केलेली कलावंतांची यादी घेऊनच आम्ही घरून निघालो होतो आणि दोन दिवसांत ती संपवायचीच, अशा हट्टाने या ठिकाणाहून त्या ठिकाणी रिक्षाने धावत राहिलो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी घालणारा माणूस जसा डोंगराकडे न बघता पुढच्याच्या टाचेकडे बघत चालतो, तसे आमचे झाले. म्हणून हे परीक्षण मी कलाकृतींपेक्षा जागांविषयी लिहीत आहे. कोचीत काय मांडले आहे ते दर आवृत्तीला बदलते, परंतु ज्या गोदामांत, बंगल्यांत आणि धक्क्यांवर ते मांडले जाते त्या जागा बऱ्याच अंशी त्याच राहतात, आणि इतक्या लांबच्या सहलीचा आराखडा त्यांच्यावरूनच आखावा लागतो.

‘बिएनाले’ या इटालियन शब्दाचा अर्थ दर दोन वर्षांनी होणारे, इतकाच आहे, आणि या जातीचे पहिले प्रदर्शन १८९५ साली व्हेनिसमध्ये भरले. कोचीचे बिएनाले बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू या दोन कलावंतांनी सुरू केले. दोघेही मूळचे केरळचे, पण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेले. पहिल्या आवृत्तीचे दार १२ डिसेंबर २०१२ रोजी, म्हणजे बारा-बारा-बाराचा मुहूर्त साधून उघडले. पुढच्या प्रत्येक आवृत्तीची सूत्रे वेगवेगळ्या कलावंतांकडे दिली गेली: २०१४ मध्ये जितिश कल्लाट, २०१६ मध्ये सुदर्शन शेट्टी, २०१८ मध्ये अनिता दुबे, करोनामुळे पडलेल्या खंडानंतर २०२२ मध्ये शुबिगी राव, आणि १२ डिसेंबर २०२५ ते ३१ मार्च २०२६ अशा मुदतीच्या सहाव्या आवृत्तीसाठी निखिल चोप्रा व त्यांच्यासोबतचा गोव्यातील एचएच आर्ट स्पेसेस हा गट. निवड समितीऐवजी एका कलावंताच्या किंवा गटाच्या नजरेवर सगळे सोपवल्यामुळे प्रत्येक आवृत्तीचा स्वभाव निराळा होतो. एकदा पाहिले म्हणजे पाहून झाले, असे या प्रदर्शनाबाबत म्हणता येत नाही ते त्यामुळेच.

केव्हा जावे याचे माझे उत्तर ठाम आहे: जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी. उद्घाटनाच्या आठवड्याचे आकर्षण मोठे असते, कलावंत स्वतः भेटतात, पण पाचव्या आवृत्तीत १२ डिसेंबर २०२२ रोजी उघडायचे मुख्य प्रदर्शन ऐनवेळी २३ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलावे लागले होते, आणि ज्याने दीड हजार किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आखून ठेवला आहे त्याला असा धोका पत्करणे परवडत नाही. शिवाय नाताळ आणि नववर्ष या दिवसांत फोर्ट कोचीत राहण्याचे दर भलतेच चढतात. मार्चमध्ये गर्दी ओसरते, मात्र पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपराखालच्या बंद गोदामात दुपारी दोन वाजता उभे राहून एखादी कलाकृती समजून घेणे ही मग तपश्चर्या होते. नाशिकरोडला गाडीत चढताना अंगात घातलेला स्वेटर कोचीत उतरल्यावर निव्वळ ओझे होतो, हे जानेवारीलाही लागू आहे.

प्रवासाच्या बाबतीत आपण नाशिककर नशीबवान आहोत, कारण दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून निघणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि कल्याण, पनवेल, कोकण रेल्वे, मडगाव, मंगळुरू असे करत थेट एर्नाकुलमला पोहोचते. गाडी बदलावी लागत नाही. अख्खा दिवस आणि वर एक रात्र गाडीत जाते. ज्यांना ते नको असेल त्यांनी मुंबईहून विमानाने जावे, परंतु कोचीचा विमानतळ नेडुंबस्सेरीला, फोर्ट कोचीपासून साधारण चाळीस किलोमीटरवर आहे, त्यामुळे वाचलेल्या वेळातला बराचसा रस्त्यावर खर्ची पडतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेतील धुक्यामुळे दिल्लीहून येणाऱ्या गाड्या उशिरा धावतात, म्हणून पोहोचण्याच्या दिवशी कोणतेही प्रदर्शन पाहण्याचा बेत ठेवू नये. आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडते. पूर्वीसारखे चार महिने आधी तिकीट काढून निर्धास्त राहता येत नाही.

पहिल्या खेपेस आम्ही केलेली दुसरी चूक म्हणजे मुक्काम एर्नाकुलममध्ये, रेल्वे स्थानकाजवळ ठेवला. लॉज स्वस्त होते, पण रोज सकाळी पूल ओलांडत, वाहतुकीत अडकत फोर्ट कोचीला पोहोचेपर्यंत अंगातली उमेद निम्मी होत असे. दुसऱ्या खेपेस फोर्ट कोचीतच एका घरगुती निवासात उतरलो. तिथल्या खोलीला छायाचित्रात दिसलेली खिडकी प्रत्यक्षात नव्हती, तरीही हा बदल फायद्याचाच ठरला, कारण सकाळी दहाला दार उघडताच पहिल्या पंधरा माणसांत आपण असतो, दुपारी खोलीवर येऊन पाठ टेकता येते आणि ऊन उतरल्यावर पुन्हा बाहेर पडता येते. एर्नाकुलमला राहावेच लागले तर रस्त्याऐवजी पाण्याने यावे. मुख्य जेट्टीवरून सुटणारी सरकारी बोट अवघ्या काही रुपयांत फोर्ट कोचीच्या कस्टम्स जेट्टीला सोडते, आणि एप्रिल २०२४ पासून हायकोर्ट जेट्टी ते फोर्ट कोची अशी विजेवर चालणारी वातानुकूलित वॉटर मेट्रोही सुरू झाली आहे. मी स्वतः जुन्याच बोटीची शिफारस करीन. तिच्या लाकडी बाकावर बसून, बंदरातील जहाजे आणि क्रेन बघत पलीकडे जाताना हे शहर मुळात व्यापाऱ्यांचे होते, हे कुठलाही फलक न वाचता कळते.

हे कळणे महत्त्वाचे आहे, कारण बिएनालेच्या नावातच ते आहे. मुझिरिस हे प्राचीन बंदर रोमन जगाला काळी मिरी पुरवत होते. १३४१ च्या पेरियार नदीच्या महापुराने ते गाळाने भरले आणि त्याच पुराने कोचीच्या बंदराला तोंड मिळाले, असे सांगितले जाते. पहिल्याच आवृत्तीत विवान सुंदरम यांनी मुझिरिसचे स्थान मानल्या जाणाऱ्या पट्टणम येथील उत्खननात निघालेली खापरे आणि मिरीचे दाणे घेऊन एक अख्खे नगर जमिनीवर मांडले होते. ती कलाकृती मला पाहता आली नाही. पण अ‍ॅस्पिनवॉल हाउसच्या आवारात पाऊल ठेवल्यावर तिची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही.

अ‍ॅस्पिनवॉल हाउस हे बिएनालेच्या पहिल्या पाच आवृत्त्यांचे मुख्य केंद्र. जॉन अ‍ॅस्पिनवॉल या इंग्रज व्यापाऱ्याने १८६७ साली स्थापन केलेल्या पेढीचे हे आवार; इथून खोबरेल, मिरी, लाकूड, गवती चहाचे तेल, सुंठ, हळद, काथ्या आणि पुढे कॉफी-चहा परदेशी जात असे. एकच इमारत डोळ्यांसमोर आणू नये. कचेऱ्या, राहण्याचा बंगला आणि लांबलचक गोदामे असा हा पाण्याकाठचा पसारा आहे आणि त्याला अर्धा दिवस पुरतो असे जे सांगतात त्यांनी तो धावत पाहिलेला असतो. माझ्या मते पूर्ण दिवस द्यावा, तोही सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन तुकड्यांत. पाण्याकडे उघडणाऱ्या खिडक्यांतून सकाळी येणारा प्रकाश आणि संध्याकाळचा तिरपा प्रकाश यांत त्याच खोलीतील तीच वस्तू वेगळी दिसते, आणि हे इथे जितके ठळकपणे जाणवते तितके दिव्यांच्या प्रकाशातल्या बंदिस्त कलादालनात कधीच जाणवणार नाही.

या आवारात काम करणाऱ्या कलावंतांना पाणी सुटत नाही, असे माझे निरीक्षण आहे. २०१४ मध्ये अनिश कपूर यांनी इथल्या जमिनीत अखंड गरगरणारा पाण्याचा भोवरा मांडला. २०१६ मध्ये चिलीचे कवी राउल झुरिता यांनी एका गोदामात समुद्राचे पाणी भरले आणि त्यातून चालत जाणाऱ्या प्रेक्षकाला सीरियातून निसटताना बुडालेल्या एका मुलाविषयीची कविता भिंतींवर वाचायला लावली. २०१८ च्या आवृत्तीतील, मी स्वतः पाहिलेली मार्झिया फरहाना यांची मांडणी त्याच वर्षीच्या केरळच्या पुरात खराब झालेल्या घरगुती सामानाची होती. चिखलाने माखलेल्या वस्तू खोलीच्या छतापासून अधांतरी टांगलेल्या होत्या. दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अवयवापर्यंत पाणी चढले यावरून पुराची मोजदाद करणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला त्या खोलीत कुणी काही समजावून सांगण्याची गरज पडली नाही. त्याच आवृत्तीतील शिल्पा गुप्ता यांची मांडणीही लक्षात राहिली आहे. अंधाऱ्या जागेत टांगलेले शंभर मायक्रोफोन, प्रत्येकाखाली लोखंडी सळईला टोचलेला एक कागद, आणि त्यावर लिहिल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या कवीच्या ओळी. एका मायक्रोफोनमधून ओळ ऐकू येते आणि बाकीचे नव्याण्णव ती पुन्हा उच्चारतात. आमच्या त्या धावपळीच्या दोन दिवसांत आम्ही फक्त इथे तासभर बसलो, आणि चार वर्षांनी त्या सहलीतले जे आठवत होते ते एवढेच.

दुसऱ्या खेपेस माझी आत्या सोबत होती. चाळीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवलेली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना शेकडो मुले बसवलेली आणि शिवाजी तुपे यांच्या जलरंगांतील गोदाघाटावर डोळा पोसलेली ही बाई या प्रदर्शनात रमणार नाही, अशी मला धास्ती होती. पहिल्या दोन खोल्यांत ती काही बोलली नाही. तिसऱ्या खोलीबाहेरचा मजकूर तिने मला मराठीत सांगायला लावला आणि मग म्हणाली, “अगं, हे लिहिणाऱ्याला चित्र दिसलंच नसणार.” समकालीन कलेच्या प्रदर्शनांतील भिंतीवरचा मजकूर हा जगभर सगळीकडेच एक स्वतंत्र जाच असतो आणि त्यावर माझा उपाय असा, की आधी पाहावे, मग वाटलेच तर वाचावे, आणि अडलेच तर तिथे उभ्या असलेल्या तरुण आर्ट मीडिएटरना विचारावे. ही बहुधा कलाशाखेची मुले-मुली असतात आणि विचारले तर मनापासून सांगतात. आत्याने मोडक्या हिंदीत एका मुलीला रंग कसा कालवला असेल इथपासून प्रश्न विचारले आणि अर्ध्या तासाने त्या दोघींची शिक्षिका-विद्यार्थिनी अशी जोडी जमलेली होती.

चित्रफितींविषयी एक वेगळी सूचना द्यावीशी वाटते, कारण नियोजन कोसळते ते बहुधा इथेच. पाचव्या आवृत्तीत अमर कन्वर यांची ‘सच अ मॉर्निंग’ ही चित्रफीत होती. एक गणिताचा प्राध्यापक नोकरी सोडतो आणि रेल्वेच्या एका टाकून दिलेल्या डब्यात अंधारात जाऊन राहतो, अशी तिची कथा आणि लांबी ८५ मिनिटे. लोक मध्येच शिरतात, सहा मिनिटे उभे राहतात आणि काही कळले नाही म्हणून बाहेर पडतात. आम्ही सुरुवातीची वेळ विचारून घेतली, पाण्याची बाटली घेऊन बसलो आणि शेवटपर्यंत पाहिली. त्या बदल्यात दुसऱ्या एका इमारतीचा अख्खा मजला सोडला. हा सौदा मला आजही योग्य वाटतो. दिवसाला एक लांब चित्रफीत, याहून अधिक ठरवू नये.

दुसरा दिवस मट्टनचेरीला द्यावा आणि तिथे शक्यतो चालत जावे. फोर्ट कोचीकडून निघणारा बाजार रोड पाण्याच्या कडेकडेने दोन-अडीच किलोमीटर जातो आणि त्याच्या दुतर्फा आजही तांदळाची, सुंठीची, मिरचीची, मसाल्याची गोदामे चालू आहेत. लासलगावच्या कांदाचाळीत उभे राहिल्यावर माल, वारा आणि छप्पर यांचे जे नाते समजते, तेच इथे निराळ्या वासात समजते: आत जाईल तितकी जागा खोल, रस्त्याकडचे तोंड अरुंद आणि मागचे दार थेट पाण्यावर, होड्यांत माल उतरवण्यासाठी. आनंद वेअरहाउस किंवा टीकेएम वेअरहाउस यांसारख्या ठिकाणी बिएनालेचा भाग पाहताना शेजारच्या गाळ्यात हमाल पोती रचत असतात, आणि कलाकृती कुठे संपली व बाजार कुठे सुरू झाला याचा क्षणभर घोटाळा होतो. हा घोटाळा मला अ‍ॅस्पिनवॉलच्या शांत आवारापेक्षाही अधिक आवडला. २०१९ मध्ये आनंद वेअरहाउसमध्ये विल्यम केंट्रिज यांची आठ पडद्यांवरून सरकत जाणारी, वाजंत्र्यांसह चाललेली मिरवणूक होती. मरणाची आणि गाण्याची ती मिरवणूक त्या दगडी अंधाराखेरीज अन्यत्र तितकी चालली नसती. मिरवणुकीवरून आठवले: केरळमध्ये ‘नासिक ढोल’ हा शब्द घराघरांत ठाऊक आहे. नाशिकहून आलो असे सांगताच आमच्या रिक्षावाल्याने दोन्ही हातांनी हँडलवर ठेका धरला. तो धरायला नको होता, कारण रिक्षा चालू होती.

मट्टनचेरीतील गोदामांतच बहुधा विद्यार्थ्यांचे बिएनाले भरते. देशभरातील कला महाविद्यालयांतील मुलांचे काम तिथे असते, त्यातले काही कच्चे आणि काही मुख्य प्रदर्शनातील नामवंतांना मागे टाकणारे. आपल्याकडच्या चित्रकला महाविद्यालयांतील मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी तर सुरुवात इथूनच करावी, असे आत्याचे मत, आणि ते मी जसेच्या तसे नोंदवते. त्याच परिसरात मट्टनचेरीचा राजवाडा आहे, ज्यातील रामायणाची भित्तिचित्रे बिएनालेचा भाग नाहीत. पंचवटीत राहणाऱ्या आत्याला तिथून हलवायला मला बरेच कष्ट पडले. राजवाडा शुक्रवारी आणि जवळचे १५६८ सालचे परदेशी सिनेगॉग शनिवारी बंद असते, तेव्हा वार बघून जावे. चेरलाई भागातील गौड सारस्वत वस्तीत कोकणी कानावर पडते आणि आपल्याला ती निम्मीअधिक कळते, याचा आनंद अनपेक्षित असतो.

पेपर हाउस (यातला ‘पेपर’ म्हणजे मिरी) हे पाण्यालगतचे, मधल्या अंगणाचे, कौलारू छपरांचे ठिकाण थकल्यावर बसण्यासाठी उत्तम. कलाकृती थोड्या असतात आणि ते बरेच आहे. डेव्हिड हॉल डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला, मोठ्या मैदानासमोरचा लहानसा हॉल; वीस मिनिटे पुरतात. अ‍ॅस्पिनवॉलजवळच्या कब्राल यार्डात व्याख्याने व चर्चा होतात, त्यांचे त्या दिवसाचे वेळापत्रक सकाळीच पाहून ठेवावे. प्रत्येक आवृत्तीत कोणत्या इमारती वापरात आहेत हे थोडेफार बदलते, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांवर न विसंबता नकाशा त्या वर्षीचाच घ्यावा. तिकिटाचा दर २०१८-१९ मध्ये १०० रुपये आणि २०२२-२३ मध्ये १५० रुपये होता. इतक्या पैशांत इतके पाहायला मिळणे मला तरी अन्यत्र ठाऊक नाही.

ज्येष्ठांना नेताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या वास्तू जुन्या आहेत, जिने लाकडी, उभे आणि काही ठिकाणी कठड्याविना आहेत, आणि वरच्या मजल्यावरचे काम पाहण्यासाठी ते चढण्यावाचून पर्याय नसतो. आत्याने दोन जिने चढायचे नाकारले आणि खाली बसून रेखाटने केली. खाण्याची चिंता मात्र अजिबात करू नये. समुद्राकाठच्या एका देखण्या कॅफेत आम्ही दिलेल्या पैशांत बाजार रोडच्या साध्या खानावळीत तिघांचे दोन वेळचे जेवण झाले असते. पुट्टू-कडला, अप्पम आणि पिकलेल्या केळ्याची भजी यांवर दिवस सहज निघतो. मिसळ शोधण्याच्या फंदात पडू नये आणि नाशिकचा चिवडा परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावा.

दरबार हॉल मी मुद्दाम शेवटच्या सकाळसाठी ठेवायला सांगेन. बिएनालेच्या इतर जागांपासून तुटलेला, खाडीपलीकडे एर्नाकुलम शहरात असल्यामुळे बहुतेक लोक तो गाळतात. पाचव्या आवृत्तीत तिथे ‘इडम’ या नावाने, म्हणजे ‘जागा’ या अर्थाने, फक्त मल्याळी कलावंतांचे प्रदर्शन होते आणि दोन दिवस जगभरचे पाहून झाल्यावर या भूमीतील माणसे स्वतःकडे कसे पाहतात हे तिथे समजले. एर्नाकुलम जंक्शन तिथून जेमतेम किलोमीटरभर आहे आणि परतीची मंगला दुपारी सुटते, त्यामुळे सामान स्थानकावरच्या अमानती सामानघरात ठेवून दीड-दोन तास निवांत काढता येतात.

परतीच्या गाडीत, मडगाव आल्यावर, आत्याने त्याच आवृत्तीत पाहिलेल्या साहिल नाईक यांच्या कामाचा विषय काढला. साळावली धरणात बुडालेले गोव्यातील कुर्डी हे गाव दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की काही दिवस वर येते आणि पांगलेले गावकरी तिथे परततात; त्या गावावर आणि तिथल्या लोकांच्या गाण्यांवर ते काम होते. पाणी उतरल्यावर चांदोरीला गोदावरीच्या पात्रातली देवळे दिसतात, ती येत्या मे महिन्यात मुलांना घेऊन बघायला जायचे आणि रेखाटायची, असे तिने तिथेच ठरवले आणि पनवेल येईपर्यंत वहीत कुणाकुणाला न्यायचे त्यांची नावेही लिहून काढली.